प्लॅस्टिकच्या पिशवीतली बाहुली

गेल्या गणपतीत आपल्या सोसायटीच्या हॉलमध्ये ‘आमची जुनी खेळणी’ नावाचं छोटंसं प्रदर्शन भरलं होतं, ते आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलंच असेल. रौप्यमहोत्सवी वर्षातला तो पहिला कार्यक्रम. नोटीस बोर्डावर सूचना लागली तेव्हा, खरं सांगायचं तर, मला वाटलं होतं की कोण आणून देणार जुनी खेळणी? घर बदलताना पहिल्यांदा टाकली जातात ती खेळणीच. पण दोन दिवसांत चार टेबलं भरली. पत्र्याची आगगाडी, चावीचं माकड, सागरगोटे, पितळी भातुकली, काचेच्या गोट्यांची बरणी, निम्म्या नोटा हरवलेला व्यापारचा डबा. आणि बाहुल्या.

आलेल्या वस्तूंची नोंद ठेवायचं काम माझ्याकडे होतं. वस्तू, कुणाची, साधारण साल आणि कशाची बनलेली, असे चार रकाने मी वहीत आखले होते. त्यामुळे बाहुल्या किती आल्या ते मला नक्की सांगता येतं. तेवीस. लाकडाच्या, सेल्युलॉइडच्या, प्लॅस्टिकच्या, एक चिनी मातीची. संध्याकाळी रकाने तपासताना लक्षात आलं की या तेवीस बाहुल्यांमध्ये चिंधीची एकही नाही. आता आपल्यातल्या पन्नाशीच्या पुढच्या बायकांनी आठवून पाहावं. आपण सगळ्याजणी खेळलो कशाशी? दहापैकी आठ तरी म्हणतील, आईनं नाहीतर आजीनं शिवलेल्या चिंधीच्या बाहुलीशी. मग ती टेबलावर का नव्हती?

मी पंचवीस वर्षं माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. स्मरणिका समितीने “बाहुल्यांवर तुम्हीच लिहा” म्हटल्यावर मी हाच प्रश्न धरून लिहायचं ठरवलं.

ठकी बाई

टेबलावरची सगळ्यात जुन्या वळणाची बाहुली म्हणजे ए विंगमधल्या कोकणातल्या कुटुंबाने आणलेली ठकी. एका लाकडातून कोरलेली, हात-पाय वेगळे नाहीत, अंगावर रंगानंच काढलेलं लुगडं, नाक ठसठशीत, कपाळावर कुंकू. सावंतवाडीच्या चितारआळीत अशी लाकडी खेळणी पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहेत. त्यासाठी पांगाऱ्याचं लाकूड वापरतात, कारण ते हलकं आणि कोरायला मऊ असतं. लाकडी फळं, पाट, गंजिफा आणि खेळणी ही त्या गावाची ओळखच. गंजिफांची कला मधल्या काळात बुडत चालली होती, ती सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात कारागीर बसवून पुन्हा उभी केली.

ठकीच्या शेजारी बी विंगमधल्या आपल्या तमिळ शेजाऱ्यांची मरपाची जोडी होती. नवरा-नवरीची ही लाकडी जोडी मुलीला लग्नात देतात आणि नवरात्रात गोलूच्या पायऱ्यांवर मांडतात. दरवर्षी त्यांच्याकडे हळदीकुंकवाला जाणाऱ्यांनी ती पाहिली आहे.

या दोन्हींत एक साम्य आहे. या बाहुल्या बायका आहेत, बाळं नाहीत. ठकी संसारी बाई आहे. तिचं लग्न लावायचं, वरात काढायची, तिला सासरी पाठवायचं. मुलीनं तिला मांडीवर घेऊन दूध पाजायचं, असा तो खेळच नव्हता. युरोपातसुद्धा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक बाहुल्या म्हणजे नटलेल्या तरुण बायकाच असत. १८५१ मध्ये लंडनला जे मोठं जागतिक प्रदर्शन झालं, त्यात मोंटानारी यांच्या मेणाच्या बाहुल्या गाजल्या. त्यांत वेगवेगळ्या वयाच्या मुलांच्या बाहुल्या होत्या. ‘बाळ-बाहुली’ हा प्रकार तिथून पुढे वाढत गेला. १९२० च्या दशकात अमेरिकेत ग्रेस स्टोरी पुटनम या शिल्पकार बाईने तीन दिवसांच्या खऱ्या बाळाच्या चेहऱ्यावरून बाहुली घडवली. मिटमिटे डोळे, सुजरे गाल. दुकानदारांना वाटलं असली बाहुली कोण घेईल, पण ती इतकी खपली की तिला ‘दहा लाख डॉलरचं बाळ’ म्हणू लागले.

आपल्याकडे बाळाचं सोंग घेणारी वस्तू अजिबात नव्हती असं मात्र नाही. बारशाला आपण काय करतो? पाट्यावरचा वरवंटा धुऊन, त्याला कुंची-झबलं घालून, पाळण्याखालून या हातातून त्या हातात देतो. तो गोप्या झाला की मग खरं बाळ पाळण्यात. माझ्या मते मराठी घरातली सगळ्यात जुनी बेबी डॉल ही. फक्त तिच्याशी मोठी माणसं खेळतात, आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर चटणी वाटतात.

जपानी बाहुली आणि चुलीचं भय

सी विंगच्या आजी आता नव्वदीत आहेत. त्यांची बाहुली वीतभर उंचीची, सेल्युलॉइडची. वडिलांनी त्या चार-पाच वर्षांच्या असताना क्रॉफर्ड मार्केटातून आणलेली. म्हणजे दुसरं महायुद्ध मुंबईच्या दाराशी यायच्या आधीची. इतकी हलकी की पंखा लावला की आडवी होते. कपाळावर अंगठ्याएवढा पोचा आहे. “थोरल्या भावानं राग काढला माझ्यावरचा,” आजी म्हणाल्या. सेल्युलॉइड दाबलं की पोचा येतो तो कायमचा. भाऊ जाऊन वीस वर्षं झाली, अंगठा अजून आहे.

या सेल्युलॉइडची गंमत अशी की ते जन्माला आलं हस्तिदंताला पर्याय म्हणून. बिलियर्डचे चेंडू हस्तिदंताचे असत, हत्ती परवडेनात, म्हणून अमेरिकेत जॉन हायट याने १८७० च्या सुमारास नायट्रोसेल्युलोज आणि कापूर एकत्र करून हा पदार्थ बनवला. त्याच्या पातळ पत्र्याच्या पोकळ बाहुल्या आधी जर्मनीने काढल्या. मानहाइमच्या कारखान्याच्या बाहुलीच्या पाठीवर कासवाचा छाप असे, का, तर कासवासारखी टणक. पुढे जपानने या धंद्यात मुसंडी मारली. कापराची झाडं तैवानात, आणि तैवान तेव्हा जपानच्या ताब्यात. स्वस्त जपानी खेळणी मग जगभर गेली, मुंबईच्या बाजारातही आली.

एक दोष होता, तो म्हणजे नायट्रोसेल्युलोज भडकन पेट घेतं. आजींच्या आईला रसायनशास्त्र ठाऊक नसेल, पण नियम कडक होता. बाहुली घेऊन चुलीपाशी यायचं नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बाहुली ठेवायची आणि मगच आत जेवायला बसायचं. दुसऱ्या महायुद्धानंतर नवी प्लॅस्टिक आली आणि सेल्युलॉइडच्या बाहुल्या मागे पडल्या.

आजींची बाहुली उलटी करून पाहिली तर दोन्ही बाजूंनी, बगलेपासून तळपायापर्यंत, एक बारीक सांधा दिसतो. पुढचा अर्धा आणि मागचा अर्धा वेगवेगळ्या साच्यांत काढून जोडल्याची ती खूण. मला तो सांधा पाहून धाराशिव जिल्ह्यातलं तेर आठवलं. सातवाहनांच्या काळात, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, तेरला पांढऱ्या चिनी मातीच्या पोकळ मूर्ती अशाच दुहेरी साच्यातून काढत. शाळेची सहल तिथल्या संग्रहालयात नेली होती तेव्हा मुलांना मी तो सांधा दाखवला होता. आजच्या प्लॅस्टिकच्या बाहुलीलाही तो असतो. घरी जाऊन पाहा.

डोळे मिटणारी

आता माझी गोष्ट. ती इतिहासापासून वेगळी काढता येत नाही.

तिसऱ्या टेबलावर डी विंगमधून आलेली एक प्लॅस्टिकची बाहुली होती. दीड फूट उंच, सोनेरी कुरळे केस, निळे डोळे, गुलाबी झालरीचा फ्रॉक. निजवली की डोळे मिटणारी. सत्तर-ऐंशीच्या दशकात ही बाहुली निम्म्या महाराष्ट्राच्या शोकेसमध्ये होती. आणि ही तर मूळच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर स्टेपलची पिनसुद्धा तशीच.

ते डोळे मिटायचं तंत्र अगदी साधं आहे. जुन्या चिनी मातीच्या डोक्याच्या बाहुल्यांत दोन्ही काचेचे डोळे एका तारेला जोडलेले असत आणि तारेला मागे शिशाचं वजन लोंबत असे. बाहुली आडवी केली की डोकं फिरतं, वजन मात्र खालीच राहतं, आणि डोळा आतल्या आत वळून पापणी समोर येते. प्लॅस्टिकच्या बाहुलीत प्रत्येक डोळ्याची वेगळी वाटी आणि वेगळं वजन. म्हणूनच पुढेमागे एक डोळा अडकायचा आणि बाहुली जन्मभर डोळा मारत राहायची! “आई” किंवा “मामा” म्हणणाऱ्या बाहुल्याही याच घराण्यातल्या. तालमापक यंत्रामुळे प्रसिद्ध असलेल्या माल्झेलने १८२४ मध्ये पॅरिसला बोलक्या बाहुलीचं पेटंट घेतलं होतं. एडिसनने १८९० मध्ये पोटात छोटा फोनोग्राफ असलेली बाहुली बाजारात आणली, पण तिचा आवाज इतका भेसूर निघाला की काही आठवड्यांतच गुंडाळावी लागली.

मराठीत डोळ्याच्या मध्यभागी असते तिलाही आपण ‘बाहुली’च म्हणतो. संस्कृतातल्या ‘कनीनिका’चं आणि लॅटिनमधल्या ‘पुपिल्ला’चं मूळही लहान मुलीतच. समोरच्याच्या डोळ्यात आपली एवढीशी प्रतिमा दिसते, म्हणून.

१९८१ च्या दिवाळीत वडिलांनी मला अशीच बाहुली आणली. मी नऊ वर्षांची. आम्ही लालबागला चाळीत राहत होतो आणि वडील गिरणीत साचे खात्यात. दुकानदाराने बाहुली आडवी-उभी करून डोळे मिटतात ते दाखवलं, पुन्हा पिशवीत घातली आणि पिन मारली. किंमत ३५ रुपये. घरी आल्यावर आईने ती थेट कपाटावरच्या काचेच्या शोकेसमध्ये उभी केली. “बघायची. काढायची नाही. मळेल.” मी रोज शाळेतून आल्यावर काचेला नाक लावून बघायची. उभी असल्यामुळे ती सदा टक्क जागी. मनातल्या मनात मी तिचं नाव छबी ठेवलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या पन्नासहून अधिक गिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप कधी रीतसर मागे घेतला गेलाच नाही. गिरणगावात वाढलेल्यांना पुढचं सांगायला नको. पहिले दोन-तीन महिने उत्साहाचे, मग उधारीचे, मग दागिन्यांचे, मग भांड्यांचे. वडील काही दिवस गावी, काही दिवस मिळेल ते काम.

श्रावणात ठाण्याला आईच्या मामेभावाच्या मुलीचा पहिला वाढदिवस होता. मामांनी संपाच्या दिवसांत आम्हाला दोनदा धान्य पाठवलं होतं. न जाणं शक्य नव्हतं आणि रिकाम्या हाताने जाणंही शक्य नव्हतं. निघायच्या दिवशी आईने शोकेस उघडली, पिशवीवरची धूळ पुसली आणि छबीला जुन्या दिवाळी अंकाच्या कागदात गुंडाळलं. मला काही विचारलं नाही. मीही काही बोलले नाही. लोकलमध्ये ते पुडकं माझ्याच मांडीवर होतं.

तिथे कुणीतरी पिन काढली, बाहुली त्या लहानग्या मुलीच्या पुढ्यात आडवी ठेवली. तिचे डोळे मिटले. दुकानातल्या त्या एका दिवसानंतर मी ते मिटताना बघितले ते थेट तेव्हा. मुलीने तिचा पाय तोंडात घातला. सगळे हसले. “कित्ती छान बाहुली! अगदी नवी कोरी!” मामी म्हणाल्या, आणि आईचा चेहरा उजळला. तो उजळलेला चेहरा मला तेव्हा अजिबात आवडला नव्हता.

मांजरी

पंधरा दिवसांनी आईने मला एक बाहुली शिवून दिली. वडिलांच्या गिरणीचं मांजरपाट घरात होतं, त्याचं अंग. आत फाटक्या उशीतला कापूस आणि चिंध्या. काळ्या दोऱ्याचे डोळे, काळ्या लोकरीची वेणी, लाल दोऱ्याची टिकली. मांजरपाटाची म्हणून तिचं नाव मांजरी पडलं. मांजरी पिशवीत नव्हती. ती माझ्याबरोबर जेवली, निजली, चाळीच्या गॅलरीतून दोनदा खाली पडली. तिला ताप आला, तिचं ऑपरेशन झालं, तिचं लग्न तिसऱ्या मजल्यावरच्या बाहुल्याशी लागलं. मुरमुऱ्यांचं जेवण होतं. त्या वर्षी मोठ्यांच्या पंगतीतही फार काही वेगळं नव्हतं. संपात सगळी चाळ कावलेली असताना आमच्या वऱ्हाडाला ताशा वाजवायला चाळीतली मोठी माणसं आली होती, त्यांत माझे वडीलही होते.

धुऊन धुऊन मांजरीतला कापूस गोळा झाला, मान लुळी पडली, एका पावसाळ्यात तिला बुरशी आली. शेवटी आईने तिचं शिवण उसवलं आणि कापडाचं स्टोव्ह पुसायचं फडकं केलं. चिंधीची बाहुली संपते तेव्हा ती पुन्हा चिंधीच होते. वडील पुढे गिरणीत गेले नाहीत. एका सोसायटीत वॉचमन म्हणून लागले आणि त्याच नोकरीवर आम्हा तिघांची शिक्षणं झाली.

काय उरतं

आपण वाचतो तो बाहुल्यांचा इतिहास कशाच्या आधारावर लिहिलेला असतो? उरलेल्या बाहुल्यांच्या. रोममध्ये १८८९ मध्ये एका मुलीच्या शवपेटीत हस्तिदंताची बाहुली सापडली, हात-पाय हलणारी, दुसऱ्या शतकातली. ती जगप्रसिद्ध आहे. दिल्लीत व्यंगचित्रकार शंकर यांनी १९६५ मध्ये सुरू केलेल्या आंतरराष्ट्रीय बाहुली संग्रहालयात देशोदेशीच्या हजारो बाहुल्या आहेत, पण त्यांतल्या बऱ्याचशा भेट म्हणून आलेल्या, काचेमागे राहण्यासाठीच जन्मलेल्या. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात जुनी मराठी खेळणी पाहायला मिळतात. ते संग्रहालय काका केळकरांनी आपल्या सात वर्षांच्या गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने उभं केलं, हे कळल्यावर मला त्या खेळण्यांच्या कपाटापुढून पटकन हलता आलं नव्हतं.

पण चिंधीची बाहुली? ब्रिटिश म्युझियममध्ये रोमन काळातल्या इजिप्तची एक आहे. जाड्याभरड्या लिननची, आत चिंध्या आणि पपायरसचे तुकडे भरलेली, दीड-दोन हजार वर्षांपूर्वीची. ती टिकली कारण वाळवंटाची कोरडी हवा. आपल्याकडे चार महिने धो धो पाऊस, कसर, वाळवी. मांजरीसारख्या बाहुल्या एक पिढीसुद्धा काढत नाहीत. म्हणजे गंमत बघा. ज्या बाहुलीशी कुणी खेळलं नाही ती इतिहासात जाते आणि जिच्याशी मनसोक्त खेळलं ती फडकं होते. आपल्या टेबलावर तेवीसच्या तेवीस अशाच होत्या, कुणीतरी जपलेल्या. म्हणून चिंधीची एकही नव्हती.

‘मृच्छकटिका’त चारुदत्ताचा लहानगा मुलगा शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी बघून मातीच्या गाडीवर रुसतो. वसंतसेना आपले दागिने काढून त्या मातीच्या गाडीत भरते. शूद्रकाने ते नाटक लिहिलं, देवळांनी ते मराठी रंगभूमीवर आणलं आणि आपण ते पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं. एका खेळण्यावरून पोराच्या डोळ्यांत आलेलं पाणी ही क्षुल्लक गोष्ट नाही, हे आपल्या नाटककारांना केव्हाच ठाऊक होतं.

आजची बाहुली

चौथ्या टेबलाबद्दल थोडक्यात. तिथे बार्बी होत्या, सहा. ९ मार्च १९५९ ला न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या मेळ्यात ती पहिल्यांदा आली. रूथ हँडलर यांचं म्हणणं साधं होतं. मुलींना नेहमी आईच का व्हायला लावायचं, मोठी बाई होऊन पाहू दे की! आपल्याकडे नव्वदच्या दशकात ती घराघरांत शिरली, साडी नेसूनसुद्धा. म्हणजे बाईची बाळ झालेली बाहुली पुन्हा बाई झाली. ठकीला बार्बीशेजारी ठेवल्यावर दोघी जावा-जावा वाटत होत्या.

आणि आमच्या मजल्यावरच्या चार वर्षांच्या छोकरीची बॅटरीची बेबी. रडते, बाटलीने दूध पिते, लंगोट ओला करते. हेही तसं नवं नाही, दूध पिऊन ओलं करणारी बाहुली अमेरिकेत १९३४ पासून आहे. नवं आहे ते ऐकणं. इंटरनेटला जोडलेल्या, मुलांचं बोलणं ऐकून उत्तर देणाऱ्या एका बाहुलीवर जर्मनीने २०१७ मध्ये बंदी घातली, छुपं ऐकण्याचं यंत्र म्हणून. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा झाला आहे. नातवंडांसाठी फुटपाथवरून घेताना तेवढं पाहावं, कारण स्वस्त प्लॅस्टिक आणि रंग पोरांच्या तोंडात जातात.

पिशवी

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी मी आईला हॉलमध्ये घेऊन आले. ती आता ऐंशीच्या घरात आहे, आपल्यातल्या अनेकांना मंदिरापाशी भेटते. डी विंगच्या त्या पिशवीतल्या बाहुलीपुढे ती थांबली.

“तुझी अश्शीच होती.”

त्रेचाळीस वर्षांत आमच्यात त्या बाहुलीचं नाव निघालं नव्हतं. मी म्हटलं, “मी तिच्याशी एकदासुद्धा खेळले नाही, आई.”

“मीच खेळू दिलं नाही,” ती म्हणाली. “नवी राहिली म्हणून तर देता आली. नाहीतर त्या दिवशी काय नेलं असतं गं?”

मग बऱ्याच वेळाने म्हणाली, “मला वाटलं तू विसरलीस.”

आपण शोकेसमधल्या बाहुल्यांना हसतो. सोफ्याचं प्लॅस्टिक न काढणारी, नवे कप पाहुण्यांसाठी ठेवणारी ती पिढी म्हणून विनोद करतो. मीही वर्गात केले आहेत. पण पगाराच्या घरात जपून ठेवलेली प्रत्येक नवी वस्तू ही अडीअडचणीची पुंजी होती. बँकेत नाही, ती शोकेसमध्ये होती. छबी माझी बाहुली होती हे खरं, आणि ती आईची शिल्लक होती हेही खरं. दोघींनाही ती एकाच वेळी पुरणार नव्हती. मला मांजरी मिळाली, म्हणून माझं भागलं. आईच्या वाट्याला ते पुडकं बांधणं आलं. तेव्हा मला ते उमगलं नाही. उजळलेला तो चेहरा लाज राखल्याचा होता.

प्रदर्शन संपल्यावर मॅनेजिंग कमिटीत सूचना आली आहे की ज्यांची हरकत नाही त्यांची खेळणी ऑफिसमधल्या काचेच्या कपाटात कायमची मांडावीत. सूचना चांगली आहे. माझी दोन लहानशी मागणी आहे. एक, कपाटाला कुलूप लावू नये. बालदिनाला तरी मुलांना त्यातल्या धडक्या बाहुल्या हातात घेऊ द्याव्यात, एखादा डोळा अडकला तर अडकू दे. सी विंगच्या आजींनी त्यांच्या सेल्युलॉइडच्या बाहुलीची परवानगी आधीच दिली आहे, फक्त मेणबत्त्या लांब ठेवा म्हणाल्या.

दुसरी मागणी नोंदवहीची. ती मी ऑफिसातच ठेवली आहे. तेवीस बाहुल्यांच्या खाली मी चोविसावी ओळ लिहिली आहे: ‘चिंधीची बाहुली, मांजरी. साल १९८२. मांजरपाट, कापूस, लोकर. वस्तू उपलब्ध नाही.’ ज्यांना आपली चिंधीची बाहुली आठवते, त्यांनी त्याखाली आपापली ओळ लिहावी. कशाची होती, कुणी शिवली, नाव काय होतं, शेवटी तिचं काय झालं. आजी-आजोबांना लिहिणं जमत नसेल तर नातवंडांनी लिहून घ्यावं. कपाटात जे मावणार नाही ते निदान वहीत तरी राहील.